वाचकांचे प्रश्न : बशीतलं हृदय, लाल केमो आणि चार लाखांचं पॅकेज

गेल्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की माणसाच्या रक्तातल्या पेशींपासून हृदयाच्या स्नायूचा जिवंत तुकडा लॅबमध्ये वाढवतात, तो बशीत आपोआप धडधडतो आणि त्याच्यावर औषधं तपासतात. झालं! त्या दिवसापासून पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, आणि एका काकांनी तर गोखले रोडला भाजी घेताना थांबवून विचारलं. म्हणून या वेळी सगळा कॉलम याच विषयाला. प्रश्न घरच्या आजारपणाचे आहेत, त्यामुळे नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी ठाण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रक्ताच्या पेशीची हृदयाची पेशी करतात म्हणजे नक्की काय करतात? आमच्या पुस्तकात एकच पॅरेग्राफ आहे आणि सर म्हणाले हे वाचून घ्या.

सरांना फार बोल लावू नकोस गं, पोर्शन संपवायचा असतो त्यांना. बघ, दुधाचं दही होतं, दह्याचं परत दूध होत नाही, हे आपल्याला आजीपासून माहीत आहे, आणि पेशींबद्दलही बरीच वर्षं सगळे साधारण असंच धरून चालले होते की एकदा कातडीची झाली की झाली. क्योटोच्या शिन्या यामानाकांनी २००६ साली उंदराच्या पेशींवर दह्याचं दूध करून दाखवलं. २४ जीन्सची यादी घेतली, एकेक वगळून बघत बघत चारवर आले, आणि ते चार जीन्स पेशीत घातले की ती आपली ओळख विसरून पार गर्भातल्या पेशीसारखी कोरी होते, तिच्यातून मग काहीही घडवता येतं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर जमलं आणि २०१२ ला नोबेल, तेही जॉन गर्डन यांच्यासोबत, ज्यांनी १९६२ मध्ये बेडकांवर याची चुणूक दाखवून ठेवली होती आणि पन्नास वर्षं वाट बघितली. या कोऱ्या पेशींना आयपीएस म्हणतात, नाव लक्षात ठेव, वायव्हात विचारतील.

आता हातात दूध आलं, त्याचं हृदय कसं करायचं? पोटातल्या बाळाचं हृदय बनताना पेशींना जे निरोप मिळतात तेच निरोप त्याच क्रमाने द्यायचे. विंट नावाचा एक सिग्नल आहे, तो एक रसायन टाकून आधी जोरात चालू करायचा आणि दोन-तीन दिवसांनी दुसरं रसायन टाकून बंद करायचा, बास, मुख्य मेख एवढीच. साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी बशीत एक कोपरा हलायला लागतो, मग दुसरा, मग सगळीकडे. मी महापेला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढलीत आणि हे पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत गेला होता, भूकच विसरले.

त्यात परत सगळ्याच पेशी काही हृदयाच्या होत नाहीत, काही उनाड निघतात. त्यांना काढायची युक्ती मला फार आवडते. खाऊतली साखर बंद करायची आणि लॅक्टेट द्यायचं. हृदयाच्या पेशी त्याच्यावर निभावतात, बाकीच्या उपाशी मरतात. मग उरलेल्या दहा लाखभर पेशी फायब्रिनमध्ये मिसळायच्या, फायब्रिन म्हणजे जखमेवर रक्ताची गाठ ज्याने धरते तेच, आणि साच्यात ओतायच्या. खरवस जमतो तसं ते जमतं. साच्यात सिलिकॉनच्या दोन बारीक खुंट्या असतात, पेशी जेल ओढून घट्ट करतात आणि त्या दोन खुंट्यांमध्ये ताणलेली एक बारीक पट्टी तयार होते. आठवडाभराने ती पट्टी एका तालात आकुंचन पावते, दर ठोक्याला खुंट्या आत वाकतात, वरून कॅमेरा ते टिपतो आणि खुंटी किती वाकली यावरून ताकद काढतात. हॅम्बुर्गच्या थॉमस एशेनहागेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पट्टी १९९७ मध्येच केली होती, तेव्हा कोंबडीच्या गर्भाच्या पेशी होत्या, माणसाच्या मिळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

प्रश्न : माझ्या आईची ब्रेस्ट कॅन्सरची केमो खारघरला चालू आहे. लाल रंगाचं औषध देतात आणि मध्ये मध्ये टू-डी इको करायला लावतात. एका नातेवाइकांनी सांगितलं की आता रक्तावरून आधीच कळतं की हे औषध हृदयाला झेपेल की नाही. खरंय का? आम्ही ऐरोलीला राहतो, टेस्ट कुठे होईल?

टेस्ट कुठे होईल याचं उत्तर आधी देते म्हणजे जीव टांगणीला नको. कुठेच नाही, पेशंटसाठी अशी टेस्ट आज नाहीये, आणि कोणी करून देतो म्हणालं तर करू नका.

पण नातेवाईक अगदीच हवेत बोलत नाहीयेत. ते लाल औषध म्हणजे बहुतेक डॉक्सोरूबिसिन. कॅन्सरवर जबरदस्त काम करतं पण हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, आणि आयुष्यभरात एकूण किती घेतलं त्यावर तो धोका वाढत जातो, म्हणून डॉक्टर डोसची बेरीज ठेवतात आणि इको सांगतात. कोडं असं की तेवढ्याच डोसवर एका बाईला काही होत नाही आणि दुसरीचं हृदय फुगतं, पंपिंग उतरतं. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी अशाच पेशंट निवडल्या, काहींना हे औषध बाधलं होतं, काहींना नव्हतं. त्यांच्या पेशींपासून आयपीएस केल्या, त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी केल्या आणि बशीत डॉक्सोरूबिसिन टाकलं. जिला प्रत्यक्षात त्रास झाला होता तिच्या पेशी बशीतही जास्त मेल्या. म्हणजे तो कमकुवतपणा जीन्समध्ये होता आणि पेशी सगळं विसरून परत घडल्या तरी तो बरोबर आला. मला तरी या सगळ्या विषयात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, बशीतलं हृदय कोणाचं तरी असतं, एका ठरावीक बाईचं, उंदराचं किंवा सरासरी माणसाचं नाही.

मग टेस्ट का नाही? एका माणसाच्या पेशी कोऱ्या करायच्या, तपासायच्या, हृदय बनवायचं, पट्टी पिकवायची यात कित्येक महिने जातात आणि खर्च अफाट. आईची केमो तेवढं थांबू शकत नाही. तर इको चुकवू नका, आणि दम लागणं, पायाला सूज, रात्री सपाट झोपता न येणं यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : त्या तुकड्याला दुखतं का हो? त्याला भावना असतात का? (वय ८१, नौपाडा)

नाही आजोबा. त्याला मेंदू नाही, दुखणं पोचवणाऱ्या नसा नाहीत. स्नायू आहे आणि ताल आहे, तेवढंच. विरह वगैरे आपल्याकडेच.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत फार्मामध्ये आहे. आमच्याकडे चर्चा आहे की आता प्राण्यांवरच्या टेस्ट बंद होणार आणि सगळं चिपवर होणार. किती खरं?

दादा, तुम्ही आमच्या गल्लीतले, तुम्हाला थोडं सविस्तर सांगते.

कायद्याचं आधी. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एफडीए मॉडर्नायझेशन अ‍ॅक्ट २.० वर सही झाली (एफडीए म्हणजे तिकडची औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था), त्याने माणसांवरच्या ट्रायलआधी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे ही सक्ती काढली. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांत बदल झाला आणि ऑर्गनॉइड म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले अवयवांचे इवले गोळे, ऑर्गन-ऑन-चिप म्हणजे बारीक नळ्यांच्या छोट्या चिपवर जगवलेला अवयवाचा तुकडा, वगैरे पद्धतींना जागा मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये एफडीएने मोनोक्लोनल अँटिबॉडीज या प्रथिनांच्या औषधांपासून सुरुवात करून प्राण्यांवरच्या टेस्ट टप्प्याटप्प्याने कमी करू असं जाहीर केलं. म्हणजे दार उघडलंय. सक्ती गेली याचा अर्थ बंदी आली असा नाही, हे कॅन्टीनमध्ये जरूर सांगा.

आता हृदयाचाच एवढा आग्रह का, तर बरीच औषधं हृदयावर येऊनच आपटलीत. हृदयाच्या पेशीत एचईआरजी नावाचं पोटॅशियमचं एक दार असतं, ठोका झाल्यावर पेशी परत शांत व्हायला ते लागतं. याच्या मूळ जीनचं नाव फळमाश्यांवरून पडलंय, ईथर दिल्यावर त्यांचे पाय नाचायला लागायचे म्हणून शास्त्रज्ञांनी ईथर-अ-गो-गो ठेवलं, शास्त्रज्ञांनाही मस्ती असते. हे दार औषधाने अडलं की ईसीजीत क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून पेशी शांत होईपर्यंतचा काळ, लांबतो आणि कधी कधी असा भयंकर ताल सुरू होतो की माणूस जागच्या जागी जातो. आणि उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा पडतं, ते शांत व्हायला वेगळीच दारं वापरतं, त्यामुळे उंदराला विचारून याचं उत्तर मिळतच नाही. कुत्रा-ससा बरे, पण तेही माणूस नाहीत. इथे माणसाच्या पेशींची पट्टी सरळ सरळ उजवी ठरते. २०१३ पासून औषधाने हृदयाचा ताल बिघडेल का हे तपासायचा सीपा नावाचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम चालू आहे, त्यात आयपीएसपासून केलेल्या हृदयाच्या पेशी हा एक भागच आहे.

पण जरा थांबा. टरफेनाडीन आठवतं? सर्दी-शिंकांची गोळी, झोप न आणणारी म्हणून गाजलेली, अमेरिकेत १९९८ मध्ये बाजारातून गेली. ती एचईआरजी अडवते. मग वर्षानुवर्षं लाखो लोकांनी खाल्ली तरी बहुतेकांना काही का झालं नाही, तर लिव्हर ती रक्तात पोचायच्या आधीच बदलून टाकायचं, तिचं फेक्सोफेनाडीन व्हायचं, जे हृदयाला काही करत नाही आणि आज वेगळी गोळी म्हणून विकलं जातं. भानगड व्हायची ती माणूस सोबत केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेत असेल तर, कारण ही औषधं लिव्हरमधलं ते बदलणारं एन्झाइमच अडवतात आणि मूळ टरफेनाडीन थेट हृदयाकडे. आता मला सांगा, नुसत्या हृदयाच्या पट्टीवर ही गोळी टाकली तर ती घातक दिसणार, पण कोणाला घातक आणि केव्हा हे पट्टी कशी सांगणार, तिला लिव्हरच नाही! आपल्या मराठीत बघा, काळीज म्हणतो आपण हृदयाला आणि मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो लिव्हर देतो. भाषेने दोन्ही एकाच शब्दात ठेवलीत, औषधवाल्यांना ते कळायला एक गोळी परत घ्यावी लागली.

म्हणून आता तुकडे जोडायला लागलेत. कोलंबिया युनिव्हर्सिटीत गोर्डाना वुन्याक-नोव्हाकोविक यांच्या गटाने २०२२ मध्ये हृदय, लिव्हर, हाड आणि त्वचा असे चार तुकडे एकाच चिपवर, मध्ये वाहता द्रव आणि त्यात फिरणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी असं जोडून चार आठवडे जगवून दाखवलं.

आणि दुसरी अडचण, जी सेल्सवाले सांगत नाहीत. या पेशी बाळ असतात. नऊ-दहा महिन्यांत लॅबमध्ये प्रौढ हृदय होत नाही. मोठ्या माणसाचं हृदय मुख्यतः फॅटवर चालतं, यांना साखर लागते. मोठ्या पेशीच्या आत टी-ट्यूब्यूल्स नावाच्या नळ्यांचं जाळं असतं, यांच्यात ते धड नसतं. आणि मोठ्या हृदयाची स्नायूची पेशी आपणहून धडधडत बसत नाही, तिला हृदयातल्याच पेसमेकर पेशींची हाक लागते, यांचं आपलं एकट्याने चालू. म्हणजे लोकांना ज्याचं कौतुक वाटतं ती धडधडच पोरकटपणाची खूण आहे! यावर उपाय म्हणजे तालीम. याच कोलंबियाच्या गटाने २०१८ मध्ये पट्टीला लहान असतानाच विजेचे ठोके द्यायला सुरुवात केली आणि वेग रोज थोडा थोडा वाढवत सेकंदाला दोनवरून सहापर्यंत नेला, चार आठवड्यांत पेशी बऱ्याच मोठ्यांसारख्या दिसायला लागल्या, नळ्याही आल्या. तालमीत पोरं लवकर घातली की अंग धरतात तसंच. तरी पूर्ण प्रौढ नाहीच.

तुमची नोकरी जात नाही, निदान या कारणाने नाही. पण कंपनी सेल कल्चरचं ट्रेनिंग देत असेल तर हात वर करा.

प्रश्न : कोपरखैरण्याहून लिहितोय. बाबांना दोन अ‍ॅटॅक येऊन गेलेत, पंपिंग २५ टक्के. एका सेंटरने स्टेम सेलने हृदयाचा स्नायू परत वाढवून देतो म्हणून चार लाखांचं पॅकेज सांगितलंय, निम्मे आधी. परदेशात हे यशस्वी झालंय म्हणून पेपरातलं कात्रणही दाखवलं. काय करू?

पैसे देऊ नका. मी साधारणपणे इतकं थेट लिहीत नाही, पण देऊ नका.

ते कात्रण कशाचं असेल याचा मला अंदाज आहे. जर्मनीत ग्योटिंगनला वोल्फ्राम-ह्यूबर्टस झिमरमन यांच्या टीमने लॅबमध्ये वाढवलेल्या स्नायूच्या पट्ट्या आधी माकडांच्या हृदयावर शिवल्या आणि २०२१ मध्ये एका ४६ वर्षांच्या बाईच्या हृदयावर. दहा पट्ट्या, मिळून ४० कोटी पेशी. तीन महिन्यांनी तिला दात्याचं हृदय मिळालं, मग जुनं हृदय बाहेर काढून तपासलं तर पट्ट्या जिवंत होत्या आणि त्यांना रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये हे छापून आलं. खरोखर मोठी गोष्ट आहे, पण ते संशोधन आहे, हॉस्पिटलच्या ट्रायलमध्ये, आणि दुसऱ्याच्या पेशी असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. तुमच्या सेंटरमध्ये जे देणार ते बहुधा कमरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेलं काहीतरी इंजेक्शनने देणार, त्याचा आणि या पट्टीचा काडीचा संबंध नाही. एका मोठ्या अ‍ॅटॅकमध्ये १०० कोटींच्या आसपास पेशी जाऊ शकतात आणि हृदय स्वतः नव्या पेशी बनवतं त्या पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा हिशोब कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे, अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत जे कार्बन-१४ वाढलं होतं ते पेशींच्या डीएनएत किती आहे ते मोजून स्वीडनमधल्या लोकांनी २००९ मध्ये पेशींचं वय काढलं. असो, तुमचा प्रश्न तो नाही.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हृदयासाठी स्टेम सेल देणं हे फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच चालतं आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्यांना शांतपणे विचारा, तुमचा सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक द्या. बहुतेक तिथेच आवाज बदलेल. तेच पैसे बाबांच्या हार्ट फेल्युअरच्या औषधांना ठेवा, ती नियमित घेतली तर पंपिंग सुधारलेले लोक मी माझ्याच बिल्डिंगमध्ये बघितलेत. आणि आयसीडी नावाचं, घातक ताल सुरू झाला तर आतून झटका देऊन तो थांबवणारं उपकरण लागेल का हे कार्डिऑलॉजिस्टना विचारा, २५ टक्क्याला तो प्रश्न विचारायलाच हवा.

प्रश्न : आमच्या काकांचा ३८ व्या वर्षी बॅडमिंटन खेळताना मृत्यू झाला. पोस्टमॉर्टेममध्ये हृदयाची भिंत जाड होती असं आलं. आम्ही सगळे भाऊ-बहीण घोडबंदरला एकाच सोसायटीत राहतो. मुलांना धोका आहे का?

वाईट वाटलं वाचून. हे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असू शकतं आणि ते घराण्यात चालतं. काकांची मुलं, त्यांची भावंडं म्हणजे तुमचे वडील किंवा आत्या, आणि आई-वडील असतील तर तेही, या सगळ्यांनी आधी ईसीजी आणि इको करून घ्यायला हवा. तुमच्या वडिलांच्यात काही निघालं तर मग तुम्ही भावंडं आणि तुमची मुलं, त्याच क्रमाने. एकदा नॉर्मल आला म्हणून कायमचं सुटलो असं नाही, मुलांचा ठरावीक वर्षांनी परत करतात. तोवर कोणाला खेळताना चक्कर आली तर खेळ बंद आणि डॉक्टर.

आपल्या भागाशी याचा एक खास संबंध आहे. २००९ मध्ये पेरुंदुराई धंडपाणी, के. तंगराज आणि इतरांनी दाखवलं की एमवायबीपीसी३ या जीनमधली २५ अक्षरं गळालेली असणं हे भारतीय उपखंडात साधारण चार टक्के लोकांत आहे, आणि अशांना हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा धोका वाढतो. चार टक्के म्हणजे सकाळच्या ठाणे फास्टच्या एका डब्यात किती होतील बघा. यातल्या बहुतेकांना तरुणपणी काही होत नाही, काहींना कधीच नाही, म्हणून घाबरून सगळ्या सोसायटीची जीन टेस्ट करायला धावू नका. पण एकाला होतं आणि दुसऱ्याला का नाही, हे उंदराला विचारून कळणार नाही. तिथे ही पट्टी कामाला येते. पेशंटच्या पेशींची एक पट्टी, आणि त्याच पेशींत क्रिस्पर नावाच्या जीन दुरुस्त करायच्या तंत्राने तेवढीच चूक दुरुस्त करून दुसरी. दोन्हीत फरक फक्त त्या एका चुकीचा, म्हणजे दोष कोणाचा यावर वाद घालायला जागाच नाही. बार्थ सिंड्रोम म्हणून मुलग्यांना होणारा एक दुर्मिळ आजार आहे, त्यात २०१४ मध्ये हार्वर्डच्या गटाने असंच केलं, पेशंटच्या पेशींचा स्नायू चिपवर दुबळा पडला आणि बरोबर जीनचा निरोप आत पोचवल्यावर परत नीट ओढायला लागला.

प्रश्न : लॅबमधलं हृदय अंतराळात नेलं होतं का? (आठवी, सानपाडा)

हो रे! मार्च २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी ४८ तुकडे स्पेस स्टेशनवर पाठवले, ३० दिवस. तिथल्या तुकड्यांची ओढायची ताकद जमिनीवरच्या तुकड्यांच्या निम्म्यावर आली आणि ठोकेही वेडेवाकडे व्हायला लागले.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, नेरूळ. तुमचा कॉलम वाचून म्हणते मला हेच करायचंय, मेडिकल नको. आपल्याकडे याला स्कोप आहे का? आणि काम कसं असतं?

आहे. बेंगळुरूचं इनस्टेम, हैदराबादचं सीसीएमबी या संशोधन संस्थांत या विषयावर काम चालतं, बायोटेक किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगमधून जाता येतं, आणि इंजिनिअरिंगची मुलंही खूप लागतात, कारण खुंट्या, चिप, कॅमेरा, त्या ठोक्यांचा डेटा हे सगळं त्यांचंच काम आहे.

काम कसं असतं ते मात्र खरं सांगते. पेशींचा खाऊ दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो, नाहीतर मरतात. त्यांना शनिवार-रविवार कळत नाही, मेगाब्लॉक कळत नाही. एका वर्षी आमच्या लॅबमधला एसी बिघडला, कोणीतरी दार उघडं ठेवलं, आणि दोन महिन्यांच्या मेहनतीवर बुरशी धरली, सगळं ब्लीचमध्ये ओतून टाकलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. गणपतीत दीड दिवसाचं विसर्जन उरकून ओल्या साडीत महापेला गेलेय मी, मीडियम बदलायला. मुलीला हे आधी सांगा, आणि तरी ती हो म्हणाली तर मला कळवा, पुस्तकं देते माझ्याकडची.